महाकवी देवकोटा, 'मुना मदन' आणि शेताबांधावरची चाल

डोंगरवाट (धागाकर्ती)

नेपाळी कवितेबद्दल मराठीत फार कमी लिहिलं जातं, याची मला मनापासून खंत आहे. लिपी आपलीच, संस्कृतातून आलेले शब्द ओळखीचे, वृत्तं शाळेत घोकलेली. थोडी सवय झाली की कविता मुळातूनच वाचता येते. तरी आपण बंगाली आणि उर्दू कवींवर धागेच्या धागे भरतो आणि काठमांडूपर्यंत काही पोचत नाही. तिथे नुसतं 'महाकवी' म्हटलं की पुढे नाव सांगावं लागत नाही, त्या लक्ष्मीप्रसाद देवकोटांसाठी (१९०९–१९५९) हा धागा काढते आहे.

सुरुवात 'मुना मदन'पासूनच करते. १९३६ सालचं हे छोटेखानी खंडकाव्य. मदन हा काठमांडूचा छेत्री तरुण. घरी म्हातारी आई आणि तरुण बायको मुना. आईचे शेवटचे दिवस सुखात जावेत, घर धड उभं राहावं, म्हणून तो ल्हासाला जाऊन सोनं आणि कस्तुरी आणायचं ठरवतो. मुना विनवते:

नछोडी जानोस् हे मेरा प्राण! अकेली मलाई

मला एकटीला टाकून जाऊ नका. तो ऐकत नाही, तेव्हा ती म्हणते:

हातका मैला सुनका थैला के गर्नु धनले
साग र सिस्नु खाएको बेस आनन्दी मनले

सोन्याच्या थैल्या म्हणजे हाताचा मळ, त्या धनाचं करायचं काय? मन आनंदी असेल तर भाजी नि सिस्नु खाऊन राहिलेलं बरं. सिस्नु म्हणजे डोंगरात आपोआप उगवणारी, अंगाला लागली की आग करणारी रानभाजी. गरिबाघरी ती शिजवून खातात. नेपाळमध्ये या दोन ओळी शाळेतल्या पोरापासून हमालापर्यंत सगळ्यांना येतात.

मदन जातो. ल्हासाच्या झगमगाटात त्याचा मुक्काम लांबत जातो. परतीच्या वाटेवर पटकी होते आणि सोबती त्याला रानात टाकून पुढे निघून जातात. तिथे एक भोटे, म्हणजे तिबेटी वंशाचा डोंगरी माणूस, त्याला उचलून घरी नेतो, औषधपाणी करून बरा करतो. मदन त्याला सोनं देऊ करतो, तर तो घेत नाही. इकडे मुनावर डोळा ठेवून असलेला एक गुंड मदन मेल्याचं खोटं पत्र तिच्यापर्यंत पोचवतो. ती त्या धक्क्यानं जाते. मदन घरी येतो तेव्हा आई अंथरुणावर अखेरच्या घटका मोजते आहे. आई गेल्यावर मुनाचंही कळतं, आणि मग तोही उरत नाही.

गोष्ट एवढीच. पण मधे, त्या भोट्याच्या दारात, मदन त्याच्या पायांना हात लावतो:

क्षेत्रीको छोरो यो पाउ छुन्छ घिनले छुँदैन
मानिस ठूलो दिलले हुन्छ जातले हुँदैन

क्षत्रियाचा मुलगा हे पाय शिवतो आहे, किळस न करता. माणूस मोठा होतो मनानं, जातीनं नाही. ही ओळ आज सुविचारासारखी भिंतींवर रंगवलेली असते, त्यामुळे तिची धार कळत नाही. ती कोणत्या काळात लिहिली ते पाहा. नेपाळवर सत्ता गाजवणाऱ्या राणा घराण्यातल्या जंगबहादूरनं १८५४ साली 'मुलुकी ऐन' नावाची संहिता आणली आणि सगळ्या प्रजेची जातवार उतरंड कायद्यात लिहून ठेवली. कोण कुणाच्या हातचं पाणी पिऊ शकतो, कुणाला गुलाम करता येतं, हेसुद्धा त्यात होतं. भोटे त्या उतरंडीत छेत्रींच्या बरेच खाली. ही व्यवस्था कायद्यातून गेली १९६३ साली. म्हणजे देवकोटांच्या हयातीत ती कायम होती, आणि ती कायम असताना एका ब्राह्मण कवीनं छेत्री नायकाला भोट्याच्या पाया पडायला लावलं.

आता माझा मुख्य मुद्दा. हे काव्य देवकोटांनी 'झ्याउरे' चालीत लिहिलं. झ्याउरे म्हणजे शेतात, जत्रेत, घाट चढताना बाया-बापड्यांनी गायची चाल. तरुण पोरं-पोरी एकमेकांना सवाल-जबाब करतात ते याच धाटणीत. पंडितांच्या लेखी ती अडाण्यांची गाणी. नेपाळीत तोवर काव्य म्हटलं की भानुभक्तांच्या रामायणापासून चालत आलेली अक्षरगणवृत्तं, आणि देवकोटांच्या आधीच्या पिढीतले लेखनाथ पौड्याल तर इतके घोटीव लिहायचे की एक मात्रा हलायची नाही. देवकोटांना ती वृत्तं येत नव्हती असं मुळीच नाही. वडील तीलमाधव संस्कृतचे पंडित होते, आणि हा माणूस पुढे एका महाकाव्यात संस्कृत वृत्तांची रांग लावणार होता. तरी त्यांनी 'मुना मदन'च्या आरंभीच सज्जनांना उद्देशून झ्याउरेची बाजू मांडली आणि मग सगळं काव्य तिच्यात गायलं. कथाबीजही एका नेवार लोकगीतातलं. त्यात नवी नवरी म्हणते की मला या घरात येऊन अजून महिनाही झाला नाही आणि धनी ल्हासाला निघाले. काठमांडूचे नेवार व्यापारी ल्हासाला पेढ्या चालवायचे, एकेकदा वर्षानुवर्षं परतायचे नाहीत. गाण्यातलं दुःख घरोघरी पाहिलेलं होतं.

मला वाटतं, देवकोटांचं मोठेपण इथे आहे. लोकांच्या तोंडची चाल त्यांनी वरून खाली वाकून उचलली नाही. मोठ्यातला मोठा शोक आणि सगळ्यांत अवघड सामाजिक सत्य पेलायची ताकद त्या चालीत आहे, हे त्यांनी ओळखलं. म्हणून ते काव्य लोकांनी परत आपलं म्हणून घेतलं. अजूनही ते वाचण्यापेक्षा गायलं जास्त जातं.

आयुष्याबद्दल थोडं. जन्म १२ नोव्हेंबर १९०९, लक्ष्मीपूजनाच्या रात्री, म्हणून नाव लक्ष्मीप्रसाद. गंमत नाही, खरंच सांगते, या नावाच्या माणसाच्या घरी पैसा कधी टिकला नाही. दरबार हायस्कूल, त्रिचंद्र कॉलेज, पाटणा विद्यापीठाची पदवी. लग्न पंधराव्या वर्षी, मनदेवींशी. संसार चालला तो शिकवण्यांवर. सकाळपासून रात्रीपर्यंत घरोघरी जाऊन शिकवायचं आणि उरलेल्या वेळात लिहायचं.

राणांच्या राज्यात लिहिणं हा जोखमीचा उद्योग होता. 'गोर्खा भाषा प्रकाशिनी समिती'च्या परवानगीशिवाय पुस्तक छापता येत नसे. १९२० साली कृष्णलाल अधिकारी यांनी मक्याच्या शेतीवर पुस्तक लिहिलं. त्यातल्या किडींच्या वर्णनात राज्यकर्त्यांवर टीका आहे असा संशय घेऊन त्यांना तुरुंगात टाकलं आणि ते तिथेच वारले. १९३० साली काही तरुणांनी सार्वजनिक वाचनालय काढायची परवानगी मागितली, तर त्यांना पकडून दंड केला. त्या तरुणांत देवकोटा होते. वाचनालय काढू द्या, एवढीच मागणी!

१९३९ साली भावांनी त्यांना रांचीच्या मनोरुग्णालयात नेलं. सुमारे पाच महिने ते तिथे होते. या अनुभवातून पुढे 'पागल' ही मुक्तछंदातली कविता आली. 'जरुर साथी म पागल! यस्तै छ मेरो हाल' अशी तिची सुरुवात. होय मित्रा, मी वेडा आहे, असाच माझा हाल आहे. पुढे तो म्हणतो, मी शब्द पाहतो, दृश्यं ऐकतो. झ्याउरेत मदनाला रडवणारा कवी हाच, यावर विश्वास बसत नाही इतका आवाज बदललेला आहे.

१९४० नंतर नेपाली भाषानुवाद परिषदेत नोकरी मिळाली आणि तिथे 'शाकुन्तल' लिहिलं गेलं, नेपाळीतलं पहिलं महाकाव्य, तीन महिन्यांत. त्यानंतर 'सुलोचना' दहा दिवसांत. १९४७ला ते राणांच्या राज्यातून निघून बनारसला गेले आणि 'युगवाणी' या विरोधकांच्या पत्रात काम केलं. राणाशाही गेल्यावर १९५७ साली काही महिने शिक्षणमंत्री झाले. १९५८ला ताश्कंदच्या आफ्रो-आशियाई लेखक परिषदेला गेले. तेव्हा कर्करोगानं शरीर पोखरलेलं होतं. १४ सप्टेंबर १९५९ला पशुपतिनाथाजवळ, बागमतीच्या आर्यघाटावर ते गेले. वय पुरतं पन्नासही नव्हतं. जाण्याआधी त्यांनी सांगितल्याचं म्हणतात की माझं बाकी सगळं जाळलंत तरी चालेल, 'मुना मदन' तेवढं जाळू नका.

कुणी वाचलं असेल, ऐकलं असेल, तर जरूर लिहा.

अक्षरगण

फार सुंदर लेख. तुम्ही दिलेल्या ओळी मोजून पाहिल्या आणि आनंदानं उठून बसलो.

हातका मैला / सुनका थैला / के गर्नु धनले
साग र सिस्नु / खाएको बेस / आनन्दी मनले

पाच, पाच, सहा. दोन्ही ओळींत अगदी चोख सोळा अक्षरं. 'क्षेत्रीको छोरो / यो पाउ छुन्छ / घिनले छुँदैन' हेही तसंच. म्हणजे लघु-गुरू न पाहता फक्त अक्षरं मोजायची. आपला मोठा अभंग सहा-सहा-सहा-चार असाच मोजतात. तिथेही जो छंद पंडितांनी बाजूला ठेवला होता तो दळणाकांडणात आणि टाळांच्या गजरात टिकला, आणि सगळ्यात खोल गोष्टी त्यातच बोलल्या गेल्या. पहिल्या दोन तुकड्यांचं यमक पाहा: मैला-थैला. गाताना तिथे आपोआप ठेका बसतो.

वाचताना एकच करा. 'हातका' हा शब्द 'हात्का' असा उरकू नका. हा-त-का तिन्ही अक्षरं पूर्ण म्हणा, नाहीतर चाल लंगडते.

सूरपारंबी

+१. बारकाईनं मोजलंत, धन्यवाद. मी पेटीवर बसून म्हणून पाहिलं. पाच-पाच-सहाच्या शेवटी जो श्वास मिळतो तिथे खरं तर सारंगी वाजायला हवी. नेपाळात गंधर्व समाजाचे गायक चार तारांची छोटी सारंगी घेऊन गावोगाव फिरायचे. लढाईच्या, मृत्यूच्या, राजाच्या बातम्या गाऊनच पोचायच्या. 'मुना मदन' त्या परंपरेच्या कानांना परकं वाटण्याचं कारणच नव्हतं.

देवगडचो नंदू

ह्या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या देवगडात हापूसच्या बागांत गेली कितीतरी वर्षं नेपाळी माणसं राखणीला आणि फवारणीला येतात. पावसाळा सरला की येतात, हंगाम संपला की बरेचसे परत जातात. आमच्या बागेतल्या एकाला मी संध्याकाळी तुमचा लेख फोनवर वाचून दाखवला. मराठी त्याला चांगली समजते. 'हातका मैला' आल्यावर त्यानं मला थांबवलं आणि पुढचं स्वतः म्हणायला लागला. गात होता, वाचत नव्हता. मुनाच्या विनवणीपासून मदन घाट चढेपर्यंत म्हणाला. शाळा त्याची सातवीपर्यंत झालेली.

माझी आई पडवीत बसून ऐकत होती. तिला भाषा कळली नाही, तरी तिनं विचारलं, "ह्येची बायल खंय आसता?" तो म्हणाला, गावी, सुर्खेतकडे, आईजवळ. मग आई त्याला म्हणाली, "औंदा शिमग्याक घराकडे जावन ये. आंबो काय पळान जाणा नाय."

मदनाचं ल्हासा आज कुठे कुठे आहे, तर दोहात आहे, मलेशियात आहे आणि आमच्या कातळावरच्या कलमांतही आहे. मी लहानपणापासून या माणसांना पाहत आलो. त्यांच्या पाठीशी एवढं मोठं काव्य उभं आहे हे आज कळलं.

डोंगरवाट

नंदूदादा, लेख लिहिल्याचं सार्थक झालं. तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

तळटीप

लेख आवडला, पण एका बाबतीत मतभेद नोंदवतो. 'मुना मदन' मी अनुवादातून वाचलं आहे. कथेत योगायोग फार आहेत. खोटं पत्र, नेमक्या वेळी मृत्यू, सगळेच शेवटी मरतात. आणि तीन महिन्यांत महाकाव्य, दहा दिवसांत दुसरं, याचं कौतुक कशाला? घाईत लिहिलेल्या मजकुरात पसरटपणा येतोच. देवकोटांनी निम्मं लिहिलं असतं आणि दुप्पट तासलं असतं तर?

डोंगरवाट

तळटीप, वेगाबद्दल तुमचं म्हणणं मला बऱ्याच अंशी पटतं. त्यांच्या लेखनात चढउतार आहेत. काही ठिकाणी शब्दांचा पूर येतो आणि कवी त्यात वाहून जातो. नेपाळी समीक्षकांनीही हे म्हटलेलं आहे. पण तो वेग हौसेचा नव्हता. दिवसभर शिकवण्या करून आलेल्या माणसाला रात्रीचे जे तास मिळाले त्यात त्यानं लिहिलं. तासायला लागणारी फुरसत लेखनाथांना लाभली, यांना नाही.

योगायोगांबद्दल मात्र असहमत. लोकगीतातली गोष्ट अशीच चालते. तिथे 'हे कसं घडलं' यापेक्षा 'हे घडल्यावर त्या घरात काय झालं' याला महत्त्व असतं. शिवाय त्या काळी ल्हासाहून निरोप यायला महिने लागत. खोटं पत्र खरं मानायला मुनाला दुसरं काही साधनच नव्हतं. अनुवादात चाल जाते आणि मग फक्त कथानक उरतं. ते एकटं उघडं पडलं तर दोष काव्याचा नाही.

तळटीप

चालीचा मुद्दा मान्य. मुळातून वाचून पाहतो. घटनांची कारणमीमांसा मला तरीही दुबळीच वाटते.

मृण्मयी

'पागल' कवितेबद्दल. मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते, म्हणून ही कविता शोधून वाचली. 'तुला मेंदू आहे मित्रा, मला हृदय' अशा अर्थाची ओळ त्यात आहे. तू गुलाबात गुलाबापलीकडे काही पाहू शकत नाहीस, मला त्यात हेलन आणि पद्मिनी दिसतात, असंही म्हटलं आहे. वेड म्हणजे प्रतिभा असं समजून आपण अशा ओळींवर भाळतो. ते करू नये असं मला कळकळीनं वाटतं. १९३९ साली मनोरुग्णालयात जाणं म्हणजे काय, त्यानंतर समाजात परत येऊन शिकवण्या मागणं म्हणजे काय, याचा विचार करा. 'हा वेडा आहे' हा शिक्का त्यांच्यावर कायम होता. कविता त्या शिक्क्याला दिलेलं उत्तर आहे. तो म्हणतो, तुम्ही शहाणे लोक ज्याला मोठं म्हणता ते मला क्षुद्र दिसतं. शेवटाकडे कवितेचा संताप इतका वाढतो की त्यात वादळ आणि ज्वालामुखी येतात. मला ती आजारी माणसाची बडबड अजिबात वाटली नाही. अपमान झालेल्या, पूर्ण भानावर असलेल्या माणसाचं ते बोलणं आहे.

डोंगरवाट

मृण्मयी, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे. मी लेखात त्या कवितेला एक परिच्छेद दिला, तिला स्वतंत्र धागा हवा. तुम्ही लिहाल का?

सूरपारंबी

देवकोटांच्या आसपासच्या गाण्यांबद्दल थोडी भर घालते.

झ्याउरेचं दार त्यांनी उघडल्यावर पुढे जे आले त्यात धर्मराज थापा मला फार आवडतात. 'जनकवि केशरी' म्हणून ओळखले जायचे. पायी फिरून लोकगीतं गोळा करायची, स्वतः लिहायची आणि स्वतःच गायची. १९५३ साली तेन्झिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले तेव्हा 'हाम्रो तेन्जिङ शेर्पाले चढ्यो हिमाल चुचुरा' हे त्यांचं गाणं डोंगरभर पसरलं. १९५१ला रेडिओ नेपाळ सुरू झालेला होता, त्यामुळे गाणं लिहिणाऱ्या कवीला अचानक सगळा देश श्रोता म्हणून मिळाला. माधवप्रसाद घिमिरे यांचंही तसंच. 'गौरी' हे त्यांच्या दिवंगत पत्नीवरचं शोककाव्य १९४७चं, आणि तेच घिमिरे पुढे घरोघरी पोचले ते 'गाउँछ गीत नेपाली, ज्योतिको पंख उचाली' सारख्या गीतांमुळे. राष्ट्रकवी म्हणून मान मिळाला. २०२० साली गेले तेव्हा शंभरी पूर्ण केलेली होती.

आपल्याकडचा एक धागाही आहे. १९६६च्या 'माइतीघर' या नेपाळी चित्रपटाला जयदेव यांचं संगीत आहे आणि त्यात लता, आशा आणि उषा या तिघी मंगेशकर बहिणी गायल्या आहेत. नायिका माला सिन्हा. जरूर ऐका.

तिस्ताकाठ

माझं बालपण वडिलांच्या नोकरीमुळे दार्जिलिंगकडे गेलं, म्हणून लिहितो. नेपाळी साहित्य म्हणजे फक्त काठमांडू नव्हे. दार्जिलिंगच्या अगमसिंह गिरी यांचं 'नौलाख तारा उदाए' हे गीत अंबर गुरुङ यांनी स्वरबद्ध करून गायलं. चहामळ्यांच्या डोंगरात राहणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच असूनही परके ठरवल्या गेलेल्या लोकांचं दुःख त्यात आहे. आमच्या शेजारच्या घरात ते लागलं की मोठी माणसं बोलणं थांबवायची. हेच अंबर गुरुङ पुढे काठमांडूला गेले, आणि २००७ साली नेपाळनं जे नवं राष्ट्रगीत स्वीकारलं, 'सयौं थुँगा फूलका', त्याचं संगीत त्यांचं आहे. शब्द ब्याकुल माइला यांचे. दार्जिलिंगचा माणूस नेपाळच्या राष्ट्रगीताला चाल देतो, यात त्या भाषेचा सगळा इतिहास येतो.

आणि देवकोटा दार्जिलिंगलाही तेवढेच आपले वाटतात. तिथल्या शाळांत त्यांच्या कविता पाठ करून घेतात.

शणै

तिस्ताकाठ, गोव्याहून एक जोड. १९९२ साली ज्या घटनादुरुस्तीनं आमची कोंकणी आठव्या अनुसूचीत आली, त्याच एकाहत्तराव्या दुरुस्तीनं नेपाळी आणि मणिपुरीही आल्या. 'ही स्वतंत्र भाषाच नाही' हे आम्ही ऐकत होतो, 'ही परदेशी भाषा आहे' हे तुम्ही ऐकत होतात. त्या दिवसाची आठवण आमच्याकडे अजून काढतात. नेपाळी कवींबद्दल मला आपलेपणा वाटतो त्याचं हेही एक कारण.

अक्षरगण

देवकोटांची शेवटच्या आजारपणातली कविता मिळाली. पहिली ओळ:

संसाररूपी सुख स्वर्गभित्र

गण पाडून पाहा. त त ज ग ग. इंद्रवज्रा! आणि शेवटाकडची 'आखीर श्रीकृष्ण रहेछ एक' हीसुद्धा. अखेरीस एक श्रीकृष्णच होता, असं काहीसं. झ्याउरे जगाला दिली, मुक्तछंद दिला, आणि मरणाच्या दारात वडिलांनी शिकवलेलं वृत्त जिभेवर आलं. कर्करोगाच्या वेदनेत एकही गण चुकलेला नाही, हे पाहून मला गलबलून आलं.

बुकमार्क

वाचनखूण साठवली. अगदी नवख्यानं कुठून सुरुवात करावी? व्याकरण अजिबात येत नाही.

डोंगरवाट

'मुना मदन'च घ्या. साझा प्रकाशनाची छोटी आवृत्ती काठमांडूत कुठल्याही पुस्तकाच्या दुकानात मिळते. कुणी जात असेल तर मागवा, किंमत किरकोळ असते. आधी एखादं गायलेलं ध्वनिमुद्रण ऐका, मग पुस्तक उघडून त्याच चालीत वाचा.

व्याकरणात एवढं लक्षात ठेवा: 'को, का, की' म्हणजे आपलं 'चा, चे, ची'. 'ले' म्हणजे 'नं'. 'लाई' म्हणजे 'ला'. 'छ' म्हणजे 'आहे' आणि 'छैन' म्हणजे 'नाही'. 'र' म्हणजे 'आणि'. एवढ्यावर पहिलं पान निघतं.

त्यानंतर 'यात्री' ही छोटी कविता. 'कुन मन्दिरमा जान्छौ यात्री', कोणत्या मंदिरात निघालास वाटसरू, असं विचारत ती देवाला माणसाच्या हाडामांसात आणि रस्त्यावर राबणाऱ्यांत दाखवते. वारकरी घरात वाढलेल्यांना अर्थासाठी अडावं लागणार नाही. मग 'पागल'. निबंध आवडत असतील तर 'के नेपाल सानो छ?', म्हणजे 'नेपाळ लहान आहे काय?'. त्याचं गद्य कवितेइतकंच भरलेलं आहे. 'शाकुन्तल' मात्र घाई न करता, शब्दकोश जवळ घेऊन.

बुकमार्क

आभार. भाऊ पुढच्या महिन्यात काठमांडूला जातो आहे, त्याला सांगते. अजून कुणाला प्रत हवी असेल तर इथेच लिहा, एकत्र मागवू.

देवगडचो नंदू

माका दोन. एक घरात, एक बागेत.